जुन्या येझदी-बुलेटचं इंजिन बांधताना गॅसकेट सीलंट कुठे, किती आणि कसं लावायचं

एरंडोलच्या अलीकडे महामार्गावर मामांच्या बुलेटचा बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा, गेला, तेव्हा इंजिन बांधून तीनशे किलोमीटरही झाले नव्हते. टेम्पोत घालून भुसावळला आणली, टायमिंग कव्हर (टायमिंग गिअरवरचं झाकण) उघडलं, तर तेलाच्या भोकाच्या तोंडाशी लाल सिलिकॉनची शेवईएवढी दोरी अडकलेली. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला तरंगता बुश असतो. त्याला दाबाखालचं तेल लागतं आणि ते तेल टायमिंग कव्हरमधल्या वाटेनेच क्रँकपर्यंत जातं. वाट बंद झाली, बुश कोरडा फिरला, संपला. गंमत नाही, हळहळ अशी की बाहेरून तो जॉइंट इतका देखणा दिसत होता, की गाडी घरी आली त्या दिवशी सगळ्यांनी मिस्तरीचं कौतुक केलं होतं. कव्हरभोवती सगळीकडे सारखी लाल कड.

बाहेर जेवढी कड फुगून येते, तेवढीच आतही येते. बाहेरची बोटाने पुसता येते. आतली कुणाला दिसतही नाही. हे एवढं डोक्यात ठेवून खालचं सगळं वाचा.

आपल्याकडे येझदी, राजदूत, बुलेट या कामाच्या गाड्या होत्या. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून, पाचोरा-चाळीसगावच्या कापसाच्या रानांतून, दुधाचे कॅन लटकवून त्या हिंडल्या. त्यातली बरीच इंजिनं तीन-चार वेळा उघडली गेलीत आणि दर खेपेला कुणीतरी छिन्नी लावून जुनं पॅकिंग (गॅसकेट) खरवडलंय. आयडियल जावाचं म्हैसूरचं उत्पादन १९६१ ला सुरू झालं आणि १९९६ ला थांबलं. त्या काळातला चांगला क्रँककेस (क्रँक बसतो तो इंजिनाचा दोन भागांचा डबा) आज हाती लागणं म्हणजे नशीब. त्यामुळे आहे तो केस जपायचा, आणि त्यासाठी सीलंट समजून लावायचं.

सीलंट नेमकं करतं काय

यंत्रावर तासलेल्या दोन सपाट धातूंमध्येही बारीक ओरखडे, खड्डे राहतात. सीलंट ते भरतं. त्याचं काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं आहे. वाकलेलं कव्हर, पिचलेला केस, आटे गेलेलं भोक, झिजलेलं ऑइल सील यातलं काहीही ट्यूबमधून दुरुस्त होत नाही. जाड थर लावला की महिनाभर गळती थांबते, मग थर सुटतो आणि तुकडे आत पडतात.

टू-स्ट्रोकमध्ये तर मामला तेलाच्या डागापुरता नसतो. येझदी, राजदूत, यामाहा आरएक्स १०० या गाड्यांच्या क्रँकच्या खोलीत एकदा ओढ आणि एकदा दाब तयार होतो. जॉइंटमधून हवा आत ओढली गेली की पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात सीज (जाम) होतो. लोक मग कार्ब्युरेटरचा जेट बदलत बसतात.

कोणतं केमिकल कुठे

दुकानात 'गॅसकेटचं केमिकल द्या' म्हटलं की समोर येईल ती ट्यूब घेऊ नका.

आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला पिकणारं) सिलिकॉन, म्हणजे अॅनाबॉन्ड ६६६ किंवा थ्रीबाँडच्या सिलिकॉन ट्यूब, हवेतल्या ओलाव्याने पिकतं आणि रबरासारखं होतं. तेलाला चांगलं टिकतं, पेट्रोलने फुगतं. म्हणून गिअरबॉक्सचं झाकण, चेन कव्हर, फोर-स्ट्रोकचा सम्प (तेल साठायचा तळ) अशा ठिकाणी चालेल; कार्ब्युरेटर, इनलेटचा फ्लँज, पेट्रोलचा कॉक आणि टू-स्ट्रोकची क्रँकची खोली इथे नको. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते खिडक्या-बाथरूमचं सिलिकॉन आहे. त्यातलं आम्ल धातू खातं. इंजिनाजवळ आणूच नका.

न सुकणारी किंवा अर्धवट सुकणारी सीलंट चिकट राहतात आणि पेट्रोलला दाद देत नाहीत. रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांसाठी घडवलेलं हायलोमार या जातीतलं. टू-स्ट्रोकचा केस मिटवायला माझी पहिली पसंती याच जातीला. पुढच्या वेळी केस उघडतानाही ते छळत नाही.

तिसरी जात अॅनारोबिक. लोकटाइट ५१५, ५१८ वगैरे. हवा बंद झाली आणि दोन्हीकडे धातू लागला की हे घट्ट होतं, आणि कडेला बाहेर आलेलं पातळच राहून तेलात धुऊन जातं. यात दोरी आत लटकण्याची भीती नाही. पण पृष्ठभाग खरोखर सपाट हवा; कागदी पॅकिंगबरोबर किंवा पत्र्याच्या कव्हरला याचा उपयोग नाही. अॅल्युमिनियमवर लोखंडापेक्षा सावकाश पकडतं, तेव्हा घाई नको.

हेडच्या जॉइंटला यातलं काहीच लावायचं नाही. तांब्याचं पॅकिंग असेल तर ते मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करायचं, म्हणजे मऊ पडतं आणि बसतं. एक्झॉस्टचं तोंडही तसंच, तिथे रिंग नवी घालायची. आणि एम-सील हे पाइप आणि टाक्यांसाठी आहे. उघडायच्या जॉइंटवर ते फासलेले केस मी पाहिलेत, ते उघडताना कड तुटतेच.

साफसफाई

माझा अर्धा वेळ इथेच जातो आणि तो जायलाच हवा.

जुनं पॅकिंग काढायला लोखंडी छिन्नी, एक्सा ब्लेडचा तुकडा, स्क्रू ड्रायव्हर हे सगळं बाजूला ठेवा. अॅल्युमिनियम मऊ असतं, एक खोल ओरखडा कायमची गळती देतो. पितळेची पट्टी किंवा बांबूची कामटी तासून घ्या. कोरडं खरवडण्याआधी थिनरमध्ये भिजवलेला कपडा जॉइंटवर अर्धा तास पसरून ठेवा. जुना शेलॅकसुद्धा मऊ होतो. पॉलिश पेपर किंवा वायरचं चाक लावायचा मोह होतो. त्याची रेती बेअरिंगमध्ये जाते आणि चाकाने कडा गोल होतात. बेअरिंग केसमध्ये असतील तर मुळीच नाही.

डिझेल-पेट्रोलने धुऊन झालं म्हणजे झालं, असं समजू नका. दोन्ही मागे तेलकट साय सोडतात आणि सीलंट तिच्यावर धरत नाही. शेवटचा हात थिनर किंवा अॅसिटोनचा, पांढऱ्या कपड्याने. कपड्यावर करडा डाग येणं थांबेपर्यंत. गॅरेजमधलं सुती वेस्ट इथे वापरू नका, त्याचे धागे चिकटून राहतात आणि एक धागा म्हणजे तेलाला एक वाट. घरातलं खूप वेळा धुतलेलं जुनं धोतर याला उत्तम. थिनर वापरताना दार-खिडकी उघडी हवी आणि शेगडी, विडी लांब.

स्क्रूची भोकं विसरली जातात. तळ बंद असलेल्या भोकात तेल राहिलं आणि वरून स्क्रू पिळला, तर तेल दबत नाही, धातू तडकतो. काँप्रेसरची हवा मारा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. भोकाच्या तोंडाशी आटा वर ओढला गेला असेल तर तिथे बारीक उंचवटा असतो आणि तो दोन केसना टेकूच देत नाही. मोठ्या ड्रिल बिटने, हातानेच, एक-दोन फेऱ्यांत तो उतरवा.

सपाटी पाहणं

आठ-दहा मिलिमीटर जाडीची काच घ्या. दरवाजाच्या काचेचा तुकडा काच दुकानात सहज मिळतो. कव्हरच्या कडेवर मार्करने आडव्या रेघा मारा, काचेवर ४०० नंबरचा पाणपेपर पसरा आणि आठच्या आकड्यासारखं कव्हर हलकेच फिरवा. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या तर सपाट. कुठे तशाच राहिल्या तर तो भाग खोल आहे. तो येईपर्यंत घासा, नंतर कव्हर पुन्हा धुवा. फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) ०.०५ मिलिमीटरची पाती काच आणि कव्हरच्या मधून जात असेल, तर अजून काम बाकी आहे.

हे फक्त कव्हरसाठी. क्रँककेसचे दोन भाग असे घासायचे नाहीत. तिथे धातू कमी झाला की बेअरिंगमधलं अंतर कमी होतं आणि क्रँक आवळला जातो. केसवर फक्त उंचवटे उतरवायचे, तेलाचा दगड आडवा धरून. केस खरंच वाकलेला असेल तर तो बोअरिंग करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या.

कागद होता की नव्हता

केस उघडताना मध्ये कागद निघाला की नुसतं केमिकल, ते लिहून ठेवा आणि कागदाची जाडी मोजा. कागद काढून नुसतं सीलंट लावलं तर दांड्यांची बाजूला सरकायची ढील तेवढी कमी होते. नसलेला कागद घातला तर वाढते. सिलिंडरखालच्या पॅकिंगनेही पोर्ट उघडण्याची वेळ आणि काँप्रेशन बदलतं. जेवढी जाडी निघाली तेवढीच परत.

पॅकिंग स्वतः कापायचं असेल तर शीट कव्हरवर ठेवून हातोडीने ठोकत कड उमटवायची, ही पद्धत सोडून द्या. त्या ठोक्यांनी कितीतरी केसच्या कडा चेपल्या आहेत. कडेला काळं तेलकट बोट लावा, कागदावर ठसा घ्या, कात्रीने कापा, भोकं पंचने पाडा.

कागदाला सीलंट लागतंच असं नाही. चांगल्या सपाट जॉइंटवर तेलाचा हात पुरतो. क्लच कव्हर वारंवार उघडावं लागतं, तिथे मी कागदाच्या केसकडच्या बाजूला सीलंटचा पुसट हात आणि कव्हरकडच्या बाजूला ग्रीस लावतो. उघडताना कागद केसला चिकटून राहतो, फाटत नाही. येझदीच्या क्लच कव्हरमधून किकचा आणि गिअरचा दांडा एकाच ठिकाणाहून बाहेर येतो. तिथून तेल झिरपलं तर लोक अख्ख्या कव्हरला सिलिकॉन फासतात. आधी त्या दांड्याची सील-रिंग बघा.

केस मिटवणं

समजा टेबलावर येझदीचा केस आहे. बेअरिंग बसवताना केस तापवलेला असतो. तो पूर्ण गार होऊ द्या. गरम धातूवर सीलंट लावल्याबरोबर सुकतं.

आधी सीलंटशिवाय केस एकदा पूर्ण मिटवा. सगळे स्क्रू बेताने लावा, क्रँक फिरवा, गिअर टाकून पाहा. कुठे अडकतंय का, फट राहतेय का, हे आत्ता कळायला हवं. स्क्रूच्या जोराने फट ओढून मिटवायची नाही. फट म्हणजे आत काहीतरी नीट बसलेलं नाही. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर केसचं चित्र काढून जागच्या जागी खोचून ठेवा.

मग उघडा, दोन्ही कडा पुन्हा एकदा अॅसिटोनने पुसा आणि हात धुवा.

सीलंट एकाच बाजूला. तीळभर थेंब बोटावर घ्या आणि कडेवर चोळत न्या. थर असा हवा की खालच्या धातूचा रंग पुसट दिसत राहील. आतल्या काठापासून एक-दोन मिलिमीटर जागा कोरडी सोडा. प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती पूर्ण वळसा घ्या, भोकात जाऊ देऊ नका. डॉवेल (दोन भाग जुळवणाऱ्या खुंट्या) आणि बेअरिंगची जागा कोरडी.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. केसच्या मध्यभागी, क्रँकची खोली आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक भिंत आहे. बाहेरून ती दिसत नाही म्हणून अनेकजण फक्त बाहेरच्या कडेला सीलंट लावतात. ती भिंत कोरडी राहिली की क्रँक गिअरबॉक्सचं तेल ओढतो, गाडी धूर सोडत राहते, गिअरबॉक्सचं तेल कमी होतं आणि जमिनीवर एक थेंब दिसत नाही. भिंतीच्या पूर्ण लांबीवर बोट फिरलंच पाहिजे.

द्रावक असलेलं सीलंट असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, बोट टेकवल्यावर चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं. सिलिकॉनचं उलट आहे, त्यावर साय धरण्याआधी जॉइंट मिटायला हवा. मग केस सरळ खाली बसवा. एकदा टेकल्यावर उचलून परत ठेवू नका. उचलावं लागलं तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

स्क्रू हाताने लावा. मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. अॅल्युमिनियममधल्या एम-६ स्क्रूला ८ ते १० न्यूटन मीटर पुष्कळ झाले, आणि जुने आटे असतील तर खालचाच आकडा धरा. पान्याला पाइप लावून जोर देणं म्हणजे आटे हातात येणं.

बाहेर बारीक, तुटक कड आली तर माप जमलं. जाड वळ आला असेल तर वाईट वाटलं तरी उघडा आणि परत करा.

सिलिंडर बसवण्याआधी केसच्या तोंडाशी, जिथे दोन्ही भाग भेटतात, तिथे नखाने चाचपा. पायरी लागता कामा नये. मधला कागद असेल तर त्याची वर आलेली कड नव्या ब्लेडने समपातळीत कापा. दोन केस आणि सिलिंडर, असे तीन भाग एकत्र येतात तिथे टाचणीच्या डोक्याएवढा सीलंटचा ठिपका. सिलिंडरच्या पॅकिंगवर बाकी कुठे नाही, कारण ट्रान्स्फर पोर्ट (मिश्रण केसमधून सिलिंडरमध्ये नेणाऱ्या वाटा) तिथेच उघडतात.

आपली हवा

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. त्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी द्रावकाचं सीलंट दोन मिनिटांत कोरडं पडतं. केस मिटेस्तोवर ते मेलेलं असतं. पहाटे काम करा, केस रात्रभर घरात फरशीवर ठेवा, ट्यूब माठाजवळ. सिलिकॉनला पिकायला हवेतला ओलावा लागतो आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत वरची साय धरली तरी आतून ते कच्चं राहतं. २४ तास हा नेहमीचा हिशोब. उन्हाळ्यात मी दोन दिवस देतो. हिवाळ्यात, भरीत पार्ट्यांच्या दिवसांत, पहाटे ट्यूब घट्ट होते. ती कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाची उडती रुई, दोन्ही ओल्या सीलंटवर येऊन बसतात. पंखा बंद, दार लोटलेलं, जमिनीवर पाणी शिंपडलेलं.

बुलेटचं वेगळं

टायमिंग कव्हरचा कागद कोरडा किंवा तेलाचा हात लावून. कागदातलं तेलाचं भोक कव्हरच्या भोकावर बरोबर येतंय का, हे उजेडात धरून पाहा. बाजारातल्या किटमध्ये ते कधी सरकलेलं असतं. सीलंट लावायचंच असेल तर त्या भोकापासून बोटभर लांब. प्रायमरी चेनचं (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) बाहेरचं कव्हर मधल्या एकाच नटवर बसतं आणि कडेला रबरी रिंग असते. तिथे रिंग नवी घाला, नट बेताने आवळा. जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि मग कितीही सिलिकॉन लावा.

सगळे जॉइंट नीट असूनही बुलेट चहूकडून तेल सोडत असेल तर ब्रीदर (केसमधला दाब बाहेर सोडणारी वाट) पाहा. बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह कडक झाला किंवा नळी तुंबली की केसमधला दाब तेलाला प्रत्येक फटीतून बाहेर ढकलतो. आणि गाडी महिनोन्महिने उभी असेल, तर क्रँककेसमधल्या तेलाच्या टाकीच्या भागातलं तेल हळूहळू सम्पमध्ये उतरतं, पहिल्या किकनंतर ब्रीदरमधून ओतल्यासारखं येतं. ती गळती नव्हे. इंजिन थोडं चालू द्या, तेल जागेवर परत जातं.

बीपीच्या यंत्राने तपासणी

टू-स्ट्रोक गाडीत चढवण्याआधी ही चाचणी कराच. काट्याच्या डायलचं बीपी मोजायचं जुनं यंत्र घ्या, पट्टा काढा, फुगा आणि डायल ठेवा. डायल ३०० पर्यंत असतो; २६० म्हणजे साधारण ५ पीएसआय, आपल्याला एवढाच दाब हवा. याहून जास्त दिला तर ऑइल सीलचे ओठ उलटतील.

येझदीला दोन एक्झॉस्ट, दोन्ही ट्यूबच्या रबराचे तुकडे आणि पट्ट्या लावून बंद करा, इनलेटही बंद, प्लग लावलेला. एका एक्झॉस्टच्या रबरात सायकलचा व्हॉल्व्ह बसवून तिथून हवा भरा, पिस्टन खाली ठेवून. काटा पाच-सहा मिनिटं जवळपास तिथेच राहिला पाहिजे. घसरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा: केसची कड, सिलिंडरचा पाया, हेड, मॅग्नेटकडचं सील. नंतर पिस्टन वर आणा आणि इनलेटच्या बाजूने हवा भरून तेच पुन्हा, कारण पिस्टन खाली असताना इनलेटचा जॉइंट तपासला जात नाही.

बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि काटा मात्र उतरतोय, असं झालं तर गिअरबॉक्सच्या तेल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला तर हवा आतून जातेय: एक तर क्लचच्या बाजूचं सील, नाहीतर ती मधली भिंत.

पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर कागदी पॅकिंगचे स्क्रू एकदा तपासून घ्या, कागद दबतो. पिकलेल्या सिलिकॉनचे स्क्रू पुन्हा आवळू नका, धरलेला थर तुटतो. आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर तेल बदलाल तेव्हा जुनं तेल पांढऱ्या कपड्यातून गाळा. त्यावर सीलंटचा एक जरी दोरा सापडला, तरी गाडी तिथेच उभी करा आणि कव्हर उघडा.